मालकाची रजा

मराठी माणसाने धंदा करावा, असं सांगणारी माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतात. गंमत एवढीच, की त्यातली बहुतेक स्वतः नोकरीत असतात. मीही त्यांतलाच. गेली वीस वर्षं एका सरकारी बँकेच्या काउंटरमागे बसून मी समोरच्या तरुणांना 'नोकरीच्या मागे लागू नका, स्वतःचं काहीतरी काढा' असा उपदेश करत आलो आहे, आणि महिनाअखेरीस पगार जमा झाला की नाही हे दर दहा मिनिटांनी बघतही आलो आहे. पूर्वी मला लोक क्लार्क म्हणत. अलीकडे बँकांनी आमचं नाव बदलून 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असं ठेवलं. नाव लांबलं, पगार तेवढाच राहिला. बारशाचे पेढेही आमचे आम्हीच आणले.

धंदेवाल्याच्या अडचणींवर आजवर पुष्कळ लिहून झालं आहे. भांडवल मिळत नाही, वीज जाते, उधारी वसूल होत नाही, माल गेला तरी पैसे येत नाहीत. हे सगळं खरंच आहे. पण एक अडचण मी कुठे वाचली नव्हती. ती ही, की स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाला आपण आहोत हेच सिद्ध करता येत नाही. नोकरदाराचं बरं असतं. तो आहे हे सांगायला त्याचा साहेब असतो, मस्टर असतं, गळ्यात पट्टा असतो. धंदेवाला दिवसाचे चौदा तास राबतो, चार घरं चालवतो, पण 'हा गृहस्थ आमच्याकडे आहे' असं लेटरहेडवर लिहून द्यायला त्याला वरती कोणी नसतं. इथे गावात त्याचं काही अडत नाही. अडतं ते तो परदेशी जायला निघाला की.

आमचे साडू परदेशी जायला निघाले तेव्हा हे सगळं आमच्या घरात घडलं.

साडूंना सगळे 'दाजी' म्हणतात. आमची सौभाग्यवती म्हणते म्हणून मीही म्हणतो. आय.टी.आय.मधून टर्नरचा कोर्स करून त्यांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात दुसऱ्याच्या लेथवर उमेदवारी केली, मग जुना लेथ घेतला, मग दुसरा, आणि आता त्यांच्या शेडमध्ये दोन सी.एन.सी. मशिनं आणि नऊ कामगार आहेत. पंपाला लागणारे सुटे भाग ते बनवतात. एका पुणेकर व्यापाऱ्यामार्फत त्यांचा माल युरोपातल्या एका कारखान्यात जात होता. देशाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. धंद्याची सोयरीक आहे, उगाच विघ्न नको. तर त्या कारखान्याच्या खरेदी विभागाने एक दिवस व्यापाऱ्याला बाजूला ठेवून थेट दाजींनाच लिहिलं, की तुमच्या मालाची मापं आम्हाला पसंत आहेत, आमच्याकडे येऊन जा, मोठं प्रदर्शनही आहे, समोरासमोर बोलू.

दाजी रात्री साडेनऊला फोन हातात घेऊन आमच्या घरी आले. चेहरा असा, की अक्काने पुन्हा एकदा लग्नाला होकार दिला आहे.

"पाव्हणं, बोलावणं आलंय बगा."

मग त्यांनी सांगितलं की शेंगेन व्हिसा काढावा लागतो. शेंगेन म्हटल्यावर आमच्या मातुःश्रींनी आतून विचारलं, "भाजलेल्या की उकडलेल्या?"

वास्तविक शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं, मोझेल नदीच्या काठावरचं एक लहानसं गाव आहे. तिथे पिकतात द्राक्षं. भुईमुगाचा काही संबंध नाही. लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि जर्मनी या तिघांच्या सरहद्दी तिथे एकमेकींना भेटतात. १४ जून १९८५ रोजी त्या नदीतल्या एका बोटीवर बसून बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स या पाच देशांनी ठरवलं, की आपापसातल्या सरहद्दींवरची तपासणी हळूहळू बंद करायची. आज त्या मंडळात २९ देश आहेत. एका देशाचा व्हिसा मिळाला की बाकीच्या अठ्ठावीस देशांचे दरवाजे उघडे. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस हिंडा. भाऊबंदांनी कुंपणं काढून टाकावीत, हे आमच्या बाजूला ऐकून कोणाचा विश्वास बसत नाही. इकडे दोन सख्ख्या भावांचा बांध कोर्टात असतो. अर्थात आतली कुंपणं काढली की बाहेरचं फाटक भक्कम करावं लागतं. त्या फाटकापाशीच दाजी उभे होते.

फाटकावरची कागदांची यादी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. मी बी.कॉम. आहे, त्यातून बँकेत आहे. यादी दिसली की मला घरी आल्यासारखं वाटतं.

पहिल्या काही ओळी सोप्या होत्या. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा, त्यात दोन पानं कोरी हवीत. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. चेहरा समोर, तोंड बंद, हसायचं नाही. दाजींना मिलिमीटर सांगितल्यावर ते खूष झाले. "टॉलरन्स किती?" म्हणाले. फोटो काढून आल्यावर त्यांनी तो व्हर्नियरने मोजला. स्टुडिओवाल्याने अर्धा मिलिमीटर जास्त कापला होता. दाजींनी त्याला परत पाठवला, 'रिजेक्ट' म्हणून.

पुढची ओळ विम्याची. निदान ३०,००० युरोंचं संरक्षण हवं. त्यात तातडीचे औषधोपचार हवेत, आजारपणामुळे परत पाठवायचा खर्च हवा, आणि मरण आलं तर त्याचीही सोय हवी. हे वाचून अक्काने यादी खाली ठेवली. "हे कशाला लिहितात?" तिने विचारलं. मी म्हटलं, "अक्का, पद्धत असते. आमच्याकडेही नॉमिनीचं नाव आधी घेतात." तेवढ्यापुरतं तिचं समाधान झालं. पण त्या दिवसापासून दाजींच्या ताटात रोज एक भाकरी जास्त पडू लागली.

आणि मग ती ओळ आली. 'मालकाचे पत्र : अर्जदार आपल्याकडे कोणत्या हुद्द्यावर आहे, किती पगार आहे, रजा मंजूर केली आहे व परत आल्यावर तो कामावर रुजू होईल, असे नमूद केलेले.'

"मालक मीच हाय की!" दाजी म्हणाले.

"मग तुम्हीच पत्र द्या."

"कुणाला?"

"तुम्हालाच."

दाजी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. बँकेतला माणूस चेष्टा करणार नाही अशी त्यांची समजूत आहे, त्यामुळे त्यांनी कागद घेतला. "रजेचा अर्ज आधी करायला हवा," ते म्हणाले. "अर्जाशिवाय मंजुरी कशी द्यायची?" मुळात माणूस शिस्तीचा. त्यांनी स्वतःला उद्देशून पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला. मग चष्मा काढला, पुसला, मालकाच्या नजरेने अर्ज वाचला आणि म्हणाले, "पंधरा दिवस? ऑर्डर पेंडिंग असताना? जमायचं न्हाई."

"अहो दाजी, तुमचीच रजा आहे."

"असंल. पण शेडला कोण बघणार?"

बावीस वर्षांत या माणसाने रजा घेतलेली नव्हती. स्वतःच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते शेडवर होते, हे अक्का अजून बोलून दाखवते. शेवटी कामगारापेक्षा मालक वरचढ ठरला आणि मालकापेक्षा मेहुणी. आमच्या सौभाग्यवतींनी मध्ये पडून दहा दिवसांवर तडजोड घडवून आणली.

इथे माझ्या बी.कॉम.ला जरा काम मिळालं. हिशेबशास्त्राच्या पहिल्याच धड्यात शिकवतात, की धंदा वेगळा आणि धंद्याचा मालक वेगळा. म्हणून तर मालकाने घातलेलं भांडवल ताळेबंदात देण्याच्या बाजूला लिहितात. धंदा स्वतःच्याच मालकाचं देणं लागतो. परीक्षेत मला या प्रश्नाला चांगले मार्क मिळाले होते. पण कायद्याच्या पेपराला गेलं की दुसरे सर सांगत, एकट्याच्या मालकीच्या धंद्याला मालकापासून वेगळं अस्तित्वच नाही. धंद्याचं कर्ज ते मालकाचं कर्ज, धंद्याचा पॅन नंबर तो मालकाचा पॅन नंबर. जी.एस.टी.चा पंधरा आकडी नंबर उघडून बघा, त्याच्या पोटात मालकाचाच पॅन बसलेला दिसेल. म्हणजे सकाळच्या तासाला दाजी दोन होते आणि दुपारच्या तासाला एक. व्हिसाच्या अर्जात ते एकही नव्हते.

मग धंदा आहे याचा पुरावा गोळा करू लागलो. आमच्या लहानपणी दुकानाच्या भिंतीवर लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी फ्रेम करून गुमास्ता लायसन लावलेलं असे. काय त्याचा रुबाब! पण महाराष्ट्रात २०१७ साली दुकानांचा नवा कायदा आला आणि दहापेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनेला नोंदणीची गरज उरली नाही. आम्ही धंदा करतो अशी नुसती सूचना सरकारला द्यायची, पावती येते. दाजींकडे माणसं नऊ. म्हणजे लायसन नाही, पावती. दुसरं 'उद्यम' प्रमाणपत्र. ते १ जुलै २०२०पासून सुरू झालं. फुकट मिळतं, कागद लागत नाहीत, आपली माहिती आपणच भरायची. सरकारने हे धंदेवाल्याचे हेलपाटे वाचावेत म्हणून केलं, आणि ते वाचलेही. फक्त आता दाजींच्या हातात जे जे कागद होते त्या सगळ्यांचा सारांश एकच निघत होता, 'दाजी असं म्हणतात, की दाजी आहेत.'

इन्कमटॅक्सचे तीन वर्षांचे कागद मात्र खणखणीत होते. दाजी टॅक्स वेळेवर भरतात. उद्यमनगरात त्यामुळे त्यांच्याकडे थोडं संशयाने बघतात.

आता राहिला बँकेचा उतारा. म्हणजे माझं खातं. परदेशी जाणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी माझ्या काउंटरवर येतो आणि उताऱ्यावर गोल शिक्का मागतो. शिक्का गोलच हवा आणि निळाच हवा, असा लोकांचा दृढ समज आहे. या उताऱ्यांवरून मला माणसं ओळखू येतात. सरळ माणसाच्या उताऱ्यात महिन्याला एकदा पगार येतो आणि मग तो हळूहळू झिजतो, साबणाच्या वडीसारखा. व्हिसासाठी सजलेल्या माणसाच्या उताऱ्यात अर्जाच्या आधी आठ दिवस एकदम चार लाख येऊन बसतात. ते सासऱ्याचे असतात. व्हिसा ऑफिसातल्या माणसांनाही ते सासऱ्याचे आहेत हे कळतं. त्यांनाही सासरे असतातच.

दाजींना असाच सल्ला चौघांनी दिला होता. पण दाजींचं दुखणं वेगळं होतं. त्यांच्या बचत खात्यात एकवीस हजार रुपये होते, कारण घरात आलेला पैसा ते मशिनात घालतात. आणि धंद्याचं खातं होतं कॅश क्रेडिटचं, ज्याला सगळे सी.सी. म्हणतात. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बँक धंदेवाल्याला कच्चा माल, तयार माल आणि येणी यांच्या तारणावर एक मर्यादा ठरवून देते. त्या मर्यादेपर्यंत तो उचलतो, माल विकला की भरतो, पुन्हा उचलतो. त्यामुळे या खात्यात शिल्लक अशी नसतेच, असते ती उचल. दाजींची मर्यादा चाळीस लाखांची, आणि उताऱ्याच्या तळाशी छापलेलं होतं वजा छत्तीस लाख.

बँकेच्या दृष्टीने हा उतारा म्हणजे सुदृढ बालक स्पर्धेतलं बाळ. पैसे येतात, जातात, व्याज वेळेवर, दर महिन्याला मालाचं स्टेटमेंट दहा तारखेच्या आत. उलट सी.सी. खातं शून्यावर येऊन गप्प पडलं तर आमचे मॅनेजर काळजीत पडतात, की धंदा बंद पडला की काय. पण हे परक्या मुलखातल्या साहेबाला कोण सांगणार? त्याला दिसणार, की एका माणसाच्या खिशात एकवीस हजार आहेत, डोक्यावर छत्तीस लाखांचं कर्ज आहे, आणि त्याने स्वतःच स्वतःला दहा दिवसांची रजा दिली आहे. मीसुद्धा काउंटरवर असतो तर दोनदा बघितलं असतं.

कागदांची चळत घेऊन दाजी महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला गेले. सोबत मीही गेलो, माझी एक कॅज्युअल खर्ची घालून. माझी रजा माझ्या साहेबाने मंजूर केली होती, हे मी दाजींना वाटेत दोनदा सांगितलं.

व्हिसाचे अर्ज हल्ली वकिलातीत घेत नाहीत. ते घ्यायला वेगळी केंद्रं असतात. तिथे कागद तपासतात, फी घेतात, बोटांचे ठसे घेतात आणि सगळं पाकिटात घालून पुढे पाठवतात. निर्णय घेणारा कोणालाही दिसत नाही; देव जसा गाभाऱ्यात आणि आपला नारळ बाहेरच्या पुजाऱ्याकडे. फी ९० युरो. ११ जून २०२४पूर्वी ती ८० होती. व्हिसा मिळो न मिळो, फी परत नाही. काउंटरवरच्या मुलीला दाजी मशिनांची माहिती सांगू लागले तेव्हा ती म्हणाली, "सर, मला फक्त कागद मोजायचे आहेत." मला तिच्याबद्दल एकदम माया वाटली. आयुष्यभर मीही लोकांना हेच सांगत आलो आहे.

मग बोटांचे ठसे. दहाही बोटं काचेवर ठेवायची. दाजींनी उजव्या हाताची चार बोटं ठेवली. यंत्र म्हणालं, पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवली. पुन्हा ठेवा. मुलीने ओला कागद दिला, बोटं पुसून झाली. डावा हात ठेवून बघितला. अंगठे ठेवून बघितले. यंत्राला काही सापडेना.

"काय काम करता सर तुम्ही?" तिने विचारलं.

दाजींनी हात उलटे करून स्वतःच बघितले. लेथवरच्या बुऱ्यांनी, कूलंटच्या पाण्याने आणि पॉलिश पेपरने त्या बोटांवरच्या रेषा पार घासून गुळगुळीत झाल्या होत्या. जन्माला येताना प्रत्येक माणूस जी खूण घेऊन येतो, ती यांनी पंपाच्या भागांना देऊन टाकली होती. धंदा खरा आहे याचा एवढा मोठा पुरावा आमच्या चळतीत दुसरा नव्हता, आणि यंत्र नेमका तोच नाकारत होतं. मी बँकेत वीस वर्षं नोटा मोजतो आहे, पण माझ्या बोटांच्या रेषा अजून नव्या कोऱ्या आहेत. त्या दिवशी मी माझे हात उगाचच खिशात घातले.

शेवटी त्या मुलीने धीर धरून, बोट दाबून, एकेक करून दहाही ठसे घेतले. "आता ५९ महिने पुन्हा द्यायला नकोत," ती म्हणाली. त्या मुदतीत पुन्हा अर्ज केला तर तेच ठसे चालतात. दाजी म्हणाले, "बरं झालं. तवर राहत्यात का न्हाई कुणास ठाऊक."

पंधराव्या दिवशी पासपोर्ट परत आला. दोन्ही पानं कोरीच. सोबत एक छापील फॉर्म. नकाराचा हा फॉर्म सगळ्या शेंगेन देशांचा एकच असतो. कारणं छापलेली असतात, चौकोनात खूण करायची. दाजींच्या चौकोनाचा मराठी अर्थ असा : व्हिसाची मुदत संपण्याआधी आपण देश सोडून जाल, याविषयी आम्हाला वाजवी शंका आहे.

मी दाजींना रागावलेलं फार वेळा बघितलेलं नाही. त्या दिवशी ते रागावलेही नाहीत. फॉर्म टेबलावर ठेवून ते एवढंच म्हणाले, "म्हंजे मी पळून जाईन असं वाटतंय त्यांना."

आणि मग थोड्या वेळाने, "सात तारखेला नऊ जणांचा पगार असतो, पाव्हणं. मी पळून कुठं जाणार?"

प्रदर्शन त्यांच्याशिवाय पार पडलं. ऑर्डरचं बोलणं लांबणीवर गेलं. उद्यमनगरात दोघातिघांनी, 'तरी मी म्हणत होतो, एजंट गाठा' असं म्हणून घेतलं. माझ्या मात्र डोक्यातून ती वाजवी शंका जाईना. युरोपात जाऊन परत न आलेला कोल्हापूरकर कोण, याचा मी विचार करू लागलो. इतिहासातला एकच आठवला. छत्रपती राजाराम महाराज. १८७० साली ते विलायतेला गेले आणि परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्सला त्यांना मृत्यूने गाठलं. वय विशीच्या आसपास. तिथल्या नदीच्या संगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, आणि त्या जागी त्यांचं स्मारक अजून आहे. परत यायला निघालेल्या माणसाला तेवढंच एक कारण अडवू शकतं. बाकी आमचा माणूस चार दिवस पांढऱ्या रश्श्याशिवाय राहिला की त्याचे पाय आपोआप घराकडे वळतात. पण अर्जाच्या यादीत रश्श्याचा रकाना नव्हता.

शरद ऋतूत त्या कारखान्याने पुन्हा बोलावलं. आता मी स्वस्थ बसलो नाही. बँकेत एक जुनं वाक्य आहे, की कर्जदार पळाला तर सगळ्यात आधी बँकेला कळतं. मी विचार केला, दाजी परत यावेत असं अक्काखालोखाल कोणाला वाटत असेल, तर ते आमच्या बँकेला. छत्तीस लाखांची मशिनं आणि माल आमच्याकडे तारण, राहतं घर गहाण. ज्या वजा आकड्याला लपवायला निघालो होतो, तोच तर परत येण्याचा जामीन! नोकरदार परत येईल असं त्याचा साहेब लिहून देतो. दाजी परत येतील असा विश्वास आमच्या बँकेने चाळीस लाख रुपये मोजून ठेवला होता. एवढ्या किमतीचं पत्र कुठल्या साहेबाने दिलं आहे?

मी मॅनेजरांना हे सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "साडू का?" मी हो म्हटलं. त्यांनी खातं उघडून बघितलं आणि म्हणाले, "साडू नसते तरी दिलं असतं." पत्रात लिहिलं, की कॅश क्रेडिट खात्यातली वजा रक्कम ही मंजूर मर्यादेतली उचल आहे, खात्याचा व्यवहार इतकी वर्षं समाधानकारक आहे, आणि मर्यादेचं नूतनीकरण अमुक महिन्यात असून त्याला खातेदार हजर लागतो. शिक्का गोल आणि निळा मारला.

दाजींचं स्वतःचं पत्रही आम्ही बदललं. मालकाने कामगाराला रजा दिल्याचं नाटक काढून टाकलं. साध्या शब्दांत लिहिलं, की मी एकटा मालक आहे. मला रजा देणारा कोणी नाही. नऊ कामगार आहेत, त्यांच्या पगाराच्या नोंदी सोबत आहेत. विजेची बिलं, गेल्या दोन वर्षांत तुमच्याच देशात गेलेल्या मालाची बिलं सोबत आहेत. मी नसताना शेड कोण बघणार त्याचं नाव असं असं. आणि मागच्या वेळी नकार मिळाला होता, त्याची प्रत जोडली आहे. कारखान्यानेही या वेळी नुसतं 'या' असं न लिहिता कोणत्या तारखेला, कशासाठी, राहण्याचा खर्च कोणाचा, हे खुलासेवार लिहिलं. वाचकांपैकी कोणी स्वतःचा धंदा करणारा परदेशी निघाला असेल, तर त्याने यातला एवढाच मतलबाचा भाग कापून ठेवावा. बाकीचा लेख सोडून दिला तरी चालेल.

बाराव्या दिवशी पासपोर्ट आला. एका कोऱ्या पानावर चिकटवलेलं ते हिरवट कागदाचं चिटोरं दाजींनी आधी उजेडाकडे धरून बघितलं आणि मग व्हर्नियर मागवला.

दाजी गेले. कारखाना बघून आले, मशिनं बघून आले, तिथल्या फोरमनबरोबर एक शब्द न कळता दोन तास मापांवर बोलून आले. त्याचेही हात आपल्यासारखेच आहेत, एवढंच त्यांनी आल्यावर अक्काला सांगितलं. व्हिसा बारा दिवसांचा होता. ते आठव्या दिवशी परत आले, कारण नववा दिवस म्हणजे सात तारीख होती.

मी अधूनमधून या प्रकाराचा विचार करतो. उद्या मी अर्ज केला तर माझ्यावर कोणी फारशी शंका घेणार नाही. पगाराचा दाखला आहे, साहेबाचं पत्र आहे, गळ्यात पट्टा आहे. आणि मी परत आलोच नाही, तर माझ्या काउंटरवर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दुसरा असोसिएट बसेल. गिऱ्हाईकांना दुपारपर्यंत पत्ताही लागणार नाही. दाजी एक दिवस आले नाहीत, तर नऊ घरांत पगार होणार नाही. तरी शंका त्यांच्यावर! हे बरोबर नाही असं मी दाजींना म्हटलं. ते म्हणाले, "तुम्ही बी शेड काढा की मग." मी लगेच विषय बदलला.

आता एक नवीनच गोष्ट कळली आहे. युरोपियन युनियनने १८ एप्रिल २०२४ला भारतीयांसाठी नियम थोडे सैल केले. तीन वर्षांत दोन व्हिसा काढून ते नियमाप्रमाणे वापरले, म्हणजे वेळेवर घरी परतलात, की पुढचा व्हिसा दोन वर्षांचा आणि हवं तितक्या वेळा ये-जा करण्याचा मिळू शकतो; आणि त्यानंतर पाच वर्षांचा. दाजींचा एक झाला, दुसरा काढायचा आहे. कारखान्याचं बोलावणं येऊन पडलं आहे, बँकेचं पत्र मी तयार ठेवलं आहे, ठसेही मुदतीत आहेत.

फक्त रजेचं घोडं अडलं आहे. दाजींनी दोन आठवड्यांपूर्वी अर्ज केला, पण मालक अजून विचार करतो आहे. म्हणतो, मागच्याच वर्षी आठ दिवस घेतली होती की!